पोह्यांवरची शेव आणि तिसरे मिनिट: स्वमग्न मुलांचे निवडक खाणे समजून घेताना

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, इंदुरात जन्मला आणि इंदुरातच वाढतो आहे, आणि तो पोहे खात नाही. ज्या शहरात दिवस उजाडायच्या आत चौकाचौकांत पोह्यांच्या परातीतून वाफ निघू लागते, तिथे हे वाक्य ऐकणाऱ्याला गंमत वाटते, आणि "काय रे, इंदूरचा ना तू?" असे त्याला आजवर किती जणांनी विचारले असेल याची मोजदाद नाही. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. पोह्यांवर घातलेली बारीक शेव तो खातो, पण फक्त पहिली दोन मिनिटे. ताटली समोर आली की झपाझप शेव वेचतो, मग एकाएकी हात आखडून घेतो, ताटली लोटतो आणि कधी कधी कान झाकून रडू लागतो. त्याची आई, आजी आणि मी, आम्हा तिघींनाही हा पुष्कळ दिवस निव्वळ लहरीपणा वाटत होता. एके दिवशी त्याने लोटलेल्या ताटलीतली शेव त्याच्या आईने सहज स्वतःच्या तोंडात टाकली आणि मग उलगडा झाला. आपल्याकडचे पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात, आणि त्या वाफेने खालच्या थरातली शेव दोन-तीन मिनिटांत मऊ पडते. कुरकुरीत म्हणून उचललेला घास त्याच्या दातांखाली ओला निघत होता. आपल्याला तो फरक जाणवतही नाही; त्याच्या लेखी मात्र तिसऱ्या मिनिटाला एक ओळखीचा पदार्थ संपून दुसराच, अनोळखी पदार्थ सुरू होत होता.

मी व्यवसायाने आहारतज्ज्ञ आहे, आणि तरीही हे कळायला मला एवढा वेळ लागला, हे आधीच कबूल करते. या लेखात जे लिहिणार आहे त्यातले काही शिकून आलेले आहे, आणि काही चुकून.

नखरे आणि निवडक खाणे यांतला फरक

दोन ते पाच वर्षांच्या वयात बहुतेक मुले खाण्याच्या बाबतीत हट्टी होतात. भेंडी नको, भोपळा नको, वरणात दिसणारी कोथिंबीर नको, हे घरोघरी चालते आणि बहुतेकांचे ते वयाबरोबर ओसरते. स्वमग्न मुलांच्या खाण्यातली निवड याहून वेगळी असते. ती अधिक अरुंद असते, अधिक काळ टिकते आणि पुष्कळदा एखाद्या पदार्थापुरती न राहता अख्ख्या प्रकारालाच लागू होते: ओले काहीच नको, किंवा हिरवे काहीच नको, किंवा दोन पदार्थ एकमेकांना लागलेले चालणारच नाहीत. चिकित्सक एक ढोबळ खूण सांगतात. मूल मोजून वीसपेक्षा कमी पदार्थ खात असेल, त्यातला एखादा सुटला की तो परत यादीत येत नसेल, आणि नवा पदार्थ केवळ ताटात दिसल्यानेच त्याचा तोल जात असेल, तर तो नखरा समजू नये.

हे निरीक्षण नवे नाही. १९४३ साली बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध लिहिला आणि तिथून ऑटिझम हे निदान वैद्यकात रूढ होऊ लागले. त्या निबंधातही मुलांच्या खाण्याच्या अडचणींची नोंद आहे. २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात असे दिसले की, स्वमग्न मुलांमध्ये खाण्याच्या समस्या असण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत सुमारे पाचपट असते आणि त्यांच्या आहारात कॅल्शियम व प्रथिने कमी पडतात. त्याच विश्लेषणातली दुसरी गोष्ट पालकांनी नीट लक्षात ठेवावी अशी आहे: या मुलांच्या उंची-वजनात इतर मुलांपेक्षा ठळक फरक आढळला नाही. म्हणजे मूल अंगाने बरे दिसते, वजनाच्या तक्त्यात बसते, म्हणून त्याच्या पोटात सगळे जाते आहे असे समजता येत नाही. बिस्किटे, भात आणि बटाट्याचे वेफर यांवर वजन छान भरते; लोह, क जीवनसत्त्व आणि ड जीवनसत्त्व भरत नाही.

त्याच वर्षी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली. ऑटिझमच्या निकषांत आवाज, स्पर्श, वास यांसारख्या संवेदना फार तीव्रपणे किंवा फारच मंदपणे जाणवणे याचा समावेश तीत प्रथमच झाला, आणि खाणे टाळण्याच्या किंवा फारच थोडे पदार्थ खाण्याच्या विकाराला आर्फिड हे स्वतंत्र नाव मिळाले. या विकारात बारीक होण्याची इच्छा किंवा शरीराच्या आकाराची चिंता नसते. अन्नाचा पोत, वास, घास अडकण्याची भीती किंवा भुकेबद्दलची उदासीनता हे कारण असते. काही स्वमग्न व्यक्तींना हे दुसरे निदानही लागू पडते, सगळ्यांना नाही.

बिस्किट का चालते आणि भाजी का चालत नाही

पाकिटातले ग्लुकोज बिस्किट आणि घरची भेंडीची भाजी शेजारी ठेवून पाहा. बिस्किट आज, उद्या आणि पुढच्या महिन्यातही त्याच रंगाचे, त्याच आकाराचे असते, तोंडात तितक्याच वेळात विरघळते आणि तोच आवाज करते. भेंडी सोमवारी कोवळी असते आणि गुरुवारी जून, एकदा चिकट होते तर एकदा कोरडी, कधी तिच्यात दाण्याचे कूट असते आणि कधी नसते. घरचे वरणसुद्धा रोज तेच कुठे असते? डाळ नवी आली, हिंग जरा जास्त पडला, पाणी कमी झाले, की आपल्याला तेच वाटणारे वरण बदललेले असते. आपण या फरकांना चव म्हणतो आणि त्यात रमतो. ज्या मुलाच्या मेंदूला प्रत्येक संवेदना मोठ्या आवाजात ऐकू येते आणि ज्याला जग आधी माहीत असले तरच सुरक्षित वाटते, त्याला रोजचे जेवण म्हणजे रोजची परीक्षा असते, आणि तीही अभ्यासक्रम न सांगता घेतलेली. म्हणून ही मुले अन्न नाकारतात असे म्हणण्यापेक्षा ती अनिश्चितता नाकारतात, असे म्हणणे मला जास्त खरे वाटते. या एका वाक्यावर पुढचे सगळे उपाय उभे आहेत.

त्यात चावण्याचे कौशल्य हा आणखी एक भाग असतो, आणि तो बऱ्याचदा नजरेतून सुटतो. पोळीचा घास खायचा तर जिभेने तो दाढांकडे सरकवावा लागतो, जबडा गोल फिरवत चावावा लागतो, मग त्याचा गोळा करून मागे न्यावा लागतो. बिस्किट किंवा शेव लाळेत आपोआप विरते, तिला एवढी कसरत लागत नाही. ज्यांचा तोंडातल्या स्नायूंवर पुरेसा ताबा नाही, ती मुले विरघळणारे पदार्थ निवडतात, आणि आपल्याला ती 'कोरडे खाणारी' वाटतात. घास गालात साठवून ठेवणे, वारंवार उबळ येणे, पाणी पीतच प्रत्येक घास गिळणे, ही याची चिन्हे आहेत. अशा वेळी समजावण्याने काही होत नाही; स्पीच थेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडून तोंडाची तपासणी आणि व्यायाम लागतात.

आधी डॉक्टर, मग ताट

खाण्याच्या सवयीवर काम सुरू करण्याआधी शरीर तपासून घ्यावे, हे मी प्रत्येक पालकाला सांगते, कारण दुखणाऱ्या पोटाला कोणतीही युक्ती लागू पडत नाही. बद्धकोष्ठता हे सर्वांत नेहमीचे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. चार-चार दिवस पोट साफ होत नसलेल्या मुलाला भूक लागणार कुठून? कमी बोलणारे किंवा न बोलणारे मूल पोटात दुखते असे सांगत नाही. ते कोपऱ्यात पोट दाबून उभे राहते, पायांची घडी घालते, किंवा जेवणाच्या वेळी चिडचिड करते, आणि आपण त्याला ऑटिझमचाच भाग समजून सोडून देतो. छातीत जळजळ होऊन अन्न वर येणे, किडलेली दाढ, तोंडातली जखम, अन्नाची ॲलर्जी, यांचाही शोध घ्यावा लागतो. चंचलतेसाठी दिल्या जाणाऱ्या मिथिलफेनिडेटसारख्या औषधाने भूक मरते आणि चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनने ती वाढते, त्यामुळे औषधे आणि त्यांच्या वेळा डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

कमतरता आणि भूक यांचे एक दुष्टचक्र असते. लोह कमी झाले की भूक मंदावते, भूक मंदावली की खाणे आणखी कमी होते. काही मुले माती, खडू, कागद असे अखाद्य पदार्थ तोंडात घालू लागतात, त्यामागेही लोहाची कमतरता असू शकते. आपल्याकडे याला दुधाची मोठी साथ मिळते. "जेवत नाही ना, मग निदान दूध तरी पिऊ दे," असे म्हणत आपण लहान मुलाला दिवसाला लिटरभर दूध पाजतो. दुधात लोह जवळजवळ नसते, ते पोट भरून टाकते, आणि दिवसभरात अर्ध्या लिटरच्या पुढे गेलेले दूध लहान मुलांत रक्तक्षय वाढवू शकते. फळे आणि भाज्या पूर्णपणे बंद असलेल्या काही स्वमग्न मुलांमध्ये स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. स्कर्व्ही म्हणजे जुन्या काळी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना होणारा, क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. मूल चालायला नकार देते, लंगडते, हिरड्या सुजतात, आणि तपासण्या मात्र हाडांच्या आणि सांध्यांच्या होत राहतात, कारण त्याच्या ताटात काय असते हे कोणी विचारलेले नसते. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने अंधारात दिसेनासे होते.

वजन घटणे, खाताना ठसका लागणे किंवा घुसमटणे, हिरड्यांतून रक्त येणे, पाय दुखतात म्हणून उभे न राहणे, फक्त पातळ पदार्थांवर राहणे, यांपैकी काहीही दिसले तर हा लेख बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

उपाशी ठेवणे, कोंबणे आणि लपवणे

"भूक लागली की खाईल बरोबर," हे वाक्य आमच्या घरात आजीने म्हटले, शेजारच्या काकूंनी म्हटले आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला मीही मनात म्हटले. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरे असते. पण भूक ही शरीराच्या आतून येणारी संवेदना आहे, आणि अनेक स्वमग्न व्यक्तींना आतल्या संवेदना, म्हणजे भूक, तहान, लघवीची निकड, नीट ओळखता येत नाहीत. त्यांची भूक चिडचिड, धावाधाव किंवा झोप या रूपात दिसते. त्यावर भीती भुकेपेक्षा मोठी असली, तर मूल खरोखर उपाशी राहते, आणि अशा मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याचीही उदाहरणे आहेत. हात धरून, नाक दाबून, मांडीवर आडवे पाडून भरवणे तर दूरच ठेवावे. त्यातून पोटात दोन घास जातात आणि पुढची दोन वर्षे ताट, चमचा, स्वयंपाकघराचा वास हे सगळेच धोक्याचे होऊन बसते. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतोच.

तिसरी चूक माझी स्वतःची आहे. भाच्याचे लोह कमी आले होते. तो सात पदार्थ खात होता, त्यातला एक दहीभात. मी बहिणीला सांगितले की पालक उकडून अगदी बारीक वाटायचा, अर्धा चमचा दहीभातात घालायचा, वरून साय घालायची, त्याला कळणारही नाही. त्याला पहिल्याच घासाला कळले. त्याने घास बाहेर काढला, बोटाने पसरला, त्यात तो हिरवा ठिपका शोधला, आणि मग भांडे उचलून मोरीत नेऊन ठेवले. त्यानंतर पाच महिने त्याने दहीभाताला हात लावला नाही. सातांचे सहा झाले. पालकातले लोह शोषले जाण्याचे प्रमाण कमीच असते, त्यामुळे जे मिळवायला निघालो तेही फारसे मिळाले नसते, हा त्यातला विनोद. जो पदार्थ मुलाला सुरक्षित वाटतो तो त्याच्या पायाखालची जमीन असते, आणि त्यात लपवाछपवी करणे म्हणजे तीच खणणे. लोहाचे किंवा जीवनसत्त्वाचे औषध द्यायचे असेल तर तेही अन्नात चोरून मिसळू नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, वेगळ्या चमच्याने, 'हे औषध आहे' असे सांगून द्यावे.

ओळखीच्या पदार्थापासून पूल बांधणे

मग करायचे काय? सुरुवात मूल जे खाते तिथून करायची. एक वही घ्यावी आणि मूल आज काय काय खाते ते पदार्थाच्या नावाने न लिहिता गुणांनी लिहावे: कुरकुरीत की मऊ, गरम की गार, कोणता रंग, कोणत्या दुकानातले, कोणत्या भांड्यात. नावे विखुरलेली दिसतात, गुणांत सूत्र सापडते. आमच्या वहीत ते सूत्र होते कोरडे, पिवळट किंवा पांढरे, आणि आवाज करणारे.

त्यानंतर ओळखीच्या पदार्थापासून एका वेळी एकच गुण बदलत पुढे जायचे. आम्ही शेवेपासून निघालो. शेव तळलेली आणि खारट असते हे मला मान्य आहे, पण तिच्यात बेसन असते आणि बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच, त्यामुळे आहारतज्ज्ञाच्या नजरेतून ती वाटते तेवढी वाईट सुरुवात नाही. पहिल्यांदा तीच शेव त्याच दुकानातली, पण वेगळ्या वाटीत. मग तशाच चवीची, किंचित जाड. एक वाट तिथून रतलामी शेवेकडे जात होती, पण लवंग-मिऱ्याच्या तिखटाला त्याने साफ नकार दिला आणि आम्ही ती वाट सोडून दिली. दुसरी वाट फळली: शेवेत परमलाचे तीन दाणे. परमल म्हणजे चुरमुरे. शेव-परमल हा आपल्याकडचा घरगुती खाऊ. तीन दाण्यांचे दहा झाले, मग परमल वेगळे खाल्ले गेले, मग परमलासारखेच कोरडे, हलके आणि पांढरट म्हणून भाजलेल्या पातळ पोह्यांचा चिवडा, आधी दाणे, कढीपत्ता, मिरची काहीही न घालता, आणि दोन महिन्यांनी दाणे वेगळ्या वाटीत. याच शेवेच्या बेसनाची तिसरी वाट कडा कुरकुरीत भाजलेल्या धिरड्याकडे गेली. तो अजून फक्त कडा खातो, मधला मऊ भाग आम्ही खातो. बटाट्याच्या वेफरपासून घरच्या वेफरकडे, तिथून पातळ फ्राइजकडे आणि तिथून जाड फ्राइजकडे जाणारी एक साखळीही आहे, आणि थंडीत माळव्यात मिळणारे गराडू नावाच्या कंदाचे तळलेले तुकडे, बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ, हे त्या साखळीतले आमचे पुढचे स्टेशन आहे, अर्थात जिरावण मसाला न भुरभुरता.

एक खबरदारी घ्यावी लागते. मूल एखादा पदार्थ खाते म्हणून तो रोज, तिन्ही त्रिकाळ, अगदी तसाच दिला तर एके दिवशी त्याला त्याची शिसारी येते आणि तो पदार्थ कायमचा जाऊ शकतो. म्हणून शक्य असेल तिथे एकाआड एक दिवस द्यावा, आणि त्यात नगण्य वाटणारे बदल आधीपासूनच करत राहावे: बिस्किट आज अख्खे, उद्या तुकडा करून, परवा दुसऱ्या ताटलीत. आवडत्या वस्तूचे वेष्टन बदलले की अनेक मुले ती नाकारतात. बिस्किटे घरी आल्याबरोबर एका डब्यात काढून ठेवण्याची सवय लावली तर हा धक्का टळतो.

खाणे ही पुष्कळ पायऱ्यांची शेवटची पायरी

आपण नवा पदार्थ देतो आणि मूल तो खाते की नाही एवढेच पाहतो. खरे तर खाण्याआधी तो पदार्थ खोलीत चालवून घेणे, टेबलावर चालवून घेणे, चमच्याने हलवणे, बोट लावणे, हातात धरणे, वास घेणे, ओठाला लावणे, जिभेने चाटणे, दाताने तोडून परत बाहेर काढणे, अशा कितीतरी पायऱ्या असतात आणि यातली प्रत्येक प्रगतीच असते. ऑटिझम नसलेल्या मुलांनाही नवा पदार्थ रुचायला तो आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागतो. इथे त्याहून पुष्कळ अधिक वेळा धराव्या. त्यासाठी जेवणाच्या ताटापासून दूर एक लहान 'ओळखीची ताटली' ठेवावी, तिच्यात नव्या पदार्थाचा नखाएवढा तुकडा ठेवावा आणि त्याबद्दल काहीही बोलू नये. शेजारी एक कागदी रुमाल ठेवावा, ज्यात तोंडातला घास काढून टाकण्याची उघड परवानगी असेल. ही परवानगी मराठी घरात फार जड जाते. पानात टाकू नये, अन्नाला नावे ठेवू नयेत, तोंडातला घास बाहेर काढू नये, यावर आपण सगळे वाढलो आहोत, आणि माझ्या आईला तो रुमाल पाहून पहिले काही दिवस जेवण जात नव्हते. पण बाहेर पडण्याचे दार उघडे दिसले, तरच मूल आत पाऊल टाकते. नवा तुकडा नखाएवढाच असल्याने फारसे वायाही जात नाही.

नेहमीच्या ताटात मात्र निदान एक पदार्थ असा असावा जो ते हमखास खाते. काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवायचे. त्यातले खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. जेवणाच्या आणि खाऊच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, दोहोंत अडीच-तीन तासांचे अंतर असावे, आणि मधल्या काळात पाण्याशिवाय काही नसावे, दूधही नाही. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपावे; दीड तास मागे लागून भरवलेले जेवण हे दोघांनाही शिक्षा असते. टीव्ही किंवा मोबाईल दाखवून भरवल्यास घास जातात, पण खाण्याची ओळख होत नाही. जिथे ही सवय पक्की झाली आहे तिथे ती एकदम तोडू नये, दोन-दोन मिनिटांनी कमी करावी. आज काय आहे याचे चित्र किंवा फोटो भिंतीवर लावला तर अनेक मुलांना आधार मिळतो. ताट खणांचे असावे, म्हणजे वरण भाताला आपोआप लागणार नाही. बसायची जागा स्थिर असावी. उंच खुर्चीवर पाय लोंबकळत असले की शरीराचा निम्मा जोर तोल सांभाळण्यात जातो, म्हणून पायांखाली स्टूल द्यावे. भिंतीला टेकून पाटावर मांडी घालून बसणे हीदेखील फार चांगली बैठक आहे, आणि थेरपिस्टने हे सांगितल्यावर आईने पाट ज्या उत्साहाने माळ्यावरून काढला, त्यात तिला गेल्या कित्येक महिन्यांतला एकमेव विजय दिसत होता.

बक्षीस द्यावे का, यावर पालकांचे नेहमी प्रश्न असतात. खाण्याच्या समस्यांवर वर्तनशास्त्राच्या पद्धतींचा अभ्यास सर्वांत जास्त झालेला आहे आणि त्यांत बक्षिसाला स्थान आहे. पण घरी करताना "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" हा सौदा टाळावा, कारण त्यातून भाजी ही भोगायची शिक्षा आणि चॉकलेट हे सुख असा धडा पक्का होतो. एखादी पायरी गाठल्यावर आवडीचे स्टिकर किंवा झोक्याची पाच मिनिटे जास्त, एवढे पुरते. टाळ्याही बेताच्याच वाजवाव्यात. भाच्याने पहिल्यांदा चिवड्याचा घास घेतला तेव्हा आम्ही चौघांनी एवढा गजर केला की त्याने तो घास थुंकला.

ग्लुटेन आणि केसीन, म्हणजे गहू आणि दूध बंद करण्याच्या आहाराबद्दल थोडक्यातच सांगते. त्याने ऑटिझमची लक्षणे सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. सीलियाक, म्हणजे ग्लुटेन न सोसणारा आजार, किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. अन्यथा सात पदार्थ खाणाऱ्या शाकाहारी मुलाची पोळी आणि दही काढून घेणे मला धोक्याचे वाटते.

मदत कुठे मिळते

एकट्या आहारतज्ज्ञाने हे काम होत नाही. बालरोगतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून पाहावे लागते. खासगी थेरपी प्रत्येकाला झेपत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असतात, तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम येतो, आणि त्या न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, ज्यात थेरपीचा काही खर्चही धरला जातो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि पुष्कळ मराठी घरांत 'कागदावर शिक्का नको' म्हणून तेच काढलेले नसते. हा संकोच मुलाला महाग पडतो.

मोठ्या वयाच्या स्वमग्न व्यक्तींचा विचार तर आपण करतच नाही. पंचवीस वर्षांच्या तरुणाला कोणी पायऱ्या आणि स्टिकर देऊ नयेत. त्याला विचारावे की कोणता पोत त्याला असह्य होतो, आणि तो स्वतः कोणत्या गोष्टीवर काम करू इच्छितो. अनेकांना हवे असते ते फार माफक असते: कार्यालयात सहकाऱ्यांबरोबर जेवायला जाता यावे, प्रवासात उपाशी राहावे लागू नये. लग्नाच्या पंगतीत त्याने आपला डबा उघडला तर यजमानांनी तो अपमान समजू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

आमच्या वहीत चौदा महिन्यांच्या अखेरीस एकोणीस पदार्थ झाले आहेत. मधल्या काळात दोन गळाले आणि दहीभात परत आला, तोही फक्त पांढऱ्या वाटीत. संत्र्याच्या दोन फोडी तो पातळ साल सोलून दिली तर खातो. लोह औषधाने वर आले. पोह्यांची ताटली अजून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असते आणि शेव वेगळ्या वाटीत. गेल्या रविवारी त्याने ती ताटली स्वतः वीतभर आपल्याकडे ओढली, एक दाणा चिमटीत धरून बराच वेळ दाबून पाहिला, "ओला" असे म्हणाला, आणि तो माझ्या ताटलीत आणून ठेवला.